तोंडावर हात ठेवून बसलेला माणूस

जिवंत जीवाचं कातडं सोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर राग दिसत नसेल, उलट पोथी वाचायला बसल्यासारखी शांती असेल, तर तुम्ही त्याला काय म्हणाल?

आमच्या मराठीच्या सरांनी त्याला 'दैवी अलिप्तता' म्हटलं. मी तेव्हा परभणीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सरांनी कुठल्याशा डॉक्टरांकडून औषध कंपनीचं जुनं कॅलेंडर मागून आणलं होतं आणि त्यातलं एक पान फळ्याशेजारच्या खिळ्याला अडकवलं होतं. रंग उडून सगळं तपकिरी पडलेलं, फक्त रक्ताचा लाल टिकून होता.

चित्र इटलीतल्या एका जुन्या चित्रकाराचं. मधोमध झाडाला एक जण उलटा टांगलेला. कमरेच्या वर माणूस, खाली बकरा. पाय फांद्यांना बांधलेले, डोकं जमिनीकडे. डावीकडे एक देखणा तरुण गुडघा टेकून बसलाय, केसांत पानांचा मुकुट, हातात छोटी सुरी, आणि सुरीचं टोक टांगलेल्याच्या छातीवर. त्याच्या मागे एक जण वर बघत वाद्य वाजवतोय. एक जण बादली घेऊन आलाय. खाली एक लहानसं कुत्रं सांडलेलं रक्त चाटतंय. आणि उजव्या अंगाला एक म्हातारा बसलाय. तो काहीच करत नाही. तोंडावर हात ठेवून बघतो.

सरांनी गोष्ट सांगितली. ग्रीक लोकांची फार जुनी. या बकऱ्याच्या पायाच्या माणसाला कुणा देवीनं फेकून दिलेला पावा सापडला. तो वाजवायला शिकला, आणि असा शिकला की लोक म्हणायला लागले, संगीताचा देव याच्यापुढे फिका. देवाला ते सोसलं नाही. सामना ठरला. जिंकेल त्यानं हरलेल्याचं वाटेल ते करावं. पहिल्या खेपेला दोघं बरोबरीत सुटले. मग देव म्हणाला, आता वाद्य उलटं धरून वाजवायचं. देवाचं वाद्य तारांचं होतं, ते उलटं धरलं तरी वाजलं. पावा उलटा धरून कोण वाजवणार?

"यातून चित्रकार काय सांगतो?" सरांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "कलावंतानं आपली पायरी ओळखावी."

मी उभी राहिले. "सर, वाद्य उलटं धरायची अट सामन्याच्या आधी ठरली होती का?"

"नाही. बरोबरी झाल्यावर."

"मग पायरी ओळखायची कुणी? लबाडी तर देवानं केली."

मागच्या बाकावरून एक जण ओरडला, "घ्या! आता देवावर बी केस!" वर्ग हसला. सरही हसले. "बाई, चित्राकडे चित्र म्हणून बघायला शीक. रसग्रहण वेगळं आणि पत्रक वेगळं."

त्यांना माझं घर माहीत होतं. आमच्या घरात पुस्तक नव्हतं, पत्रकं होती. वडील पूर्णेला रेल्वेत गँगमन, मी गावाकडे चुलत्यांपाशी वाढले. मानवतच्या अलीकडे फाट्यावर उतरून तीन किलोमीटर चालत जायचं, ते आमचं गाव. वडील सुट्टीला आले की सभांमधली पत्रकं धोतराच्या सोग्यात बांधून आणायचे. गुलाबी, पिवळी, पातळ कागदाची. रात्री जेवणं झाली की मी ती मोठ्यानं वाचायची आणि वस्तीतली माणसं ऐकायची. 'अन्याय' हा शब्द मला 'आंबा'च्या आधी लिहिता यायचा. अक्षर मात्र गिरवून घेतलं ते आमच्या शाळेच्या गुरुजींनी. गुरुजी वरच्या आळीतले. त्यांनी आमच्या वस्तीतल्या पोरांना कधी मारलं नाही, कधी वेगळं बसवलं नाही. पाटीवर माझा हात धरून त्यांनी मला लिहायला शिकवलं. हे मी मुद्दाम आधी सांगते.

विद्यापीठाचं नाव बदलण्याचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला त्या पावसाळ्यात मी अकरा वर्षांची होते. ठराव आम्ही जिंकला होता. मग अट बदलली. आधी शांतता, मग वातावरण, मग सगळ्यांची संमती. आज हे लिहितेय तेव्हाही विद्यापीठाच्या फाटकावर जुनंच नाव आहे. वाद्य उलटं धरायला सांगणारा देव मला त्या वर्गात नव्यानं ओळखावा लागला नाही.

आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, हलगी वाजवायचे. स्वतःच बनवायचे. खाटकाकडून बकऱ्याचं कातडं आणायचं, केस काढून घासायचं, कड्यावर ताणून चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचं, वाळवायचं. पूर्वी पोळ्याला मानाच्या बैलापुढे हलगी वाजवणं हे आमच्या घराचं काम. वाजवायचं आणि वेशीतून परत फिरायचं. तात्यांनी ते बंद केलं. म्हणाले, "मान बैलाचा. वाजवणारा वेशीच्या भायेर. असला मान बैलानंच ठेवावा." नंतर त्यांची हलगी मोर्चात वाजायला लागली. तालुक्याला नामांतराचा मोर्चा निघाला त्यात तेच पुढे होते. त्यांच्या ठेक्यावर घोषणा बसलेली होती, आम्हा पोरांना ती झोपेतही म्हणता यायची.

ठराव झाला त्याच वर्षीच्या पोळ्याला चार जण वस्तीत आले. चौघंही जमीनवाल्या घरांतले. "मोर्च्याला वाजवतूस, अन् आमच्या पोळ्याला वाजवत न्हाईस व्हय? चल." तात्या हलगी घेऊन गेले. काकीनं मला घरात ओढून कडी लावली. मी काही पाहिलं नाही. ऐकलं मात्र. चावडीकडून हलगी वाजायला लागली आणि काकीनं कपाळाला हात लावला. तात्या पोळ्याचा ठेका धरत नव्हते. मानाच्या बैलापुढे उभं राहून ते मोर्च्याचा ठेका वाजवत होते. आमच्या वस्तीतली दोन-चार पोरं मागोमाग गेली होती, त्यांनी घोषणा सुरू केली. मग हलगी थांबली.

पुढचं त्या पोरांकडून कळलं. चौघांनी आधी हलगीचं कातडं सुरीनं फाडलं. एकदम नाही, पट्ट्या काढत. मग तात्यांना पाडून डावा हात दगडावर धरला आणि जुवाला बैल अडकवायची लाकडी खुंटी असते ना, शिवळ, ती त्या हातावर मारली. हलगीला उजव्या हातात जाड टिपरू लागतं आणि डाव्या हातात बारीक काडी. डाव्या हाताची तीन बोटं पुन्हा वळली नाहीत. तात्या त्यानंतर वाजवू शकले नाहीत.

केस झाली. आमच्या वस्तीतले सगळे गवाही द्यायला तयार होते. वकील म्हणाला, हे सगळे तुमचेच, कोर्ट विश्वास ठेवणार नाही, एखादा बाहेरचा माणूस आणा. बाहेरचा माणूस होता. चावडीच्या कट्ट्यावर गुरुजी बसलेले होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कोर्टात त्यांनी सांगितलं, "गर्दी फार होती. माझा चष्मा घरी राहिला होता. चेहरे ओळखता आले नाहीत." चौघं सुटले.

तात्या घरी आले तेव्हा सुटलेल्या चौघांबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "चष्मा घरी नव्हता. मला खाली पाडलं तवा त्यांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला अन् वरच्या खिशात ठेवला. म्या बघितलं." पुढे कितीतरी वर्षं त्यांना एकच हवं होतं. भरपाई नाही, शिक्षा नाही. त्या दिवशी तिथं असलेल्या, आमच्या वस्तीबाहेरच्या एका तरी माणसानं, त्याच चावडीवर, लोकांसमोर म्हणावं, की मी पाहिलं. मला मात्र एवढ्यानं भागणार नव्हतं. मला गुरुजी जळताना बघायचे होते.

तर ते चित्र. सरांनी स्नेहसंमेलनासाठी स्पर्धा लावली. या चित्राचं रसग्रहण लिहायचं, सर्वांत चांगलं लिहील त्यानं व्यासपीठावर वाचायचं. चित्र दोन दिवस घरी न्यायची मुभा होती. मी शनिवारी ते वर्तमानपत्रात गुंडाळून एसटीनं गावी नेलं.

मी हातपाय धुऊन येईपर्यंत काकीनं ते भिंतीला लावूनही टाकलं होतं. खालचा भाग वर करून. टांगलेला माणूस सरळ उभा होता आणि देव डोक्यावर.

"काकी, उलटं लावलंय."

"उलटं कसं? भल्या मानसाला कोन पाय वर करून टांगतंय?" मग तिला रक्त दिसलं. "आगं बाई! हे काय इक्रीत आणलंस घरात?"

तात्या बाजेवर बसले होते. म्हणाले, "ऱ्हाऊ दे घटकाभर. असं लय ब्येस दिसायलंय."

घटकाभर ते तसंच राहिलं. मग मी सरळ केलं आणि गोष्ट सांगितली. तात्या उठून जवळ गेले, कंदील वर धरला आणि मला वाटलं होतं त्याच्या उलट, टांगलेल्याकडे आधी बघितलंच नाही. देवाच्या हाताकडे बघितलं.

"ह्यो नवशिका हाय."

"देव आहे तो."

"असंल. पन कातडं काढायचं ठाव न्हाई त्याला. सुरी बग कशी धरली, पेनावानी. कातडं मुठीनं सुटतं. सुरी निस्ती वाट करती. अन् छातीपासून कोन धरतंय? पायापासून उतरवत आणत्यात. ह्याला कातडं नकोच हाय. ह्यो दावायलाय. बगा रे, म्या काय करू शकतो ते."

मी वही काढली.

"बादलीवाला बग. बादली घरून आणली का न्हाई? म्हंजी ठरवून आल्यात. आपल्या येळेला कोर्टात काय म्हनले? अचानक झटापट झाली. अरं, शिवळ जुवातनं काढून आणावी लागती, ती काय झाडाला लागती?"

"आणि हा टांगलेला? सर म्हणतात याच्या चेहऱ्यावर वेदना नाही, म्हणजे त्यानं नियती स्वीकारली."

तात्या हसले. "तुझ्या सरांना कुनी कवा हानलं न्हाई वाटतं. वरडायला दम लागतो. पयल्या दनक्याला दम जातो. मंग मानूस वरडत न्हाई, बघतो. कोन कोन हाय ते बघतो." त्यांनी उजव्या हाताचं बोट चित्राच्या कडेला नेलं. "अन् हे गुरुजी."

त्यांनी इतक्या साधेपणानं ते म्हटलं, जसं एखाद्या लग्नाच्या फोटोत पाहुणा ओळखावा.

मी दोन रात्रींत लिहून काढलं. तात्यांनी जे दाखवलं तेच, माझ्या भाषेत. सरांनी वाचलं. म्हणाले, "सुरी धरण्याचं निरीक्षण मी कुठंही वाचलेलं नाही. तुला कसं सुचलं?" मी म्हणाले, आमच्या घरात कातडं कळतं. त्यांनी नामांतराच्या ठरावाचं एक वाक्य तेवढं लाल शाईनं खोडलं आणि माझा नंबर पहिला लावला.

चार दिवसांनी नोटीस बोर्डावर संमेलनाच्या पाहुण्यांचं नाव लागलं. जिल्ह्यातले आदर्श शिक्षक, निवृत्त मुख्याध्यापक. आमचे गुरुजी.

मी बोर्डापुढे उभी राहून ते नाव पुन्हा पुन्हा वाचलं. मला खूप आनंद झाला, हे लिहायला मला लाज वाटत नाही. शिकारीला निघालेल्या माणसाला जनावर स्वतः चालत दारात आल्यावर होईल तसा.

संमेलनाच्या दिवशी गुरुजी पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसले होते. पांढरा सदरा, उपरणं, डोळ्यांवर चष्मा. मला ओळखून त्यांनी कौतुकानं मान हलवली. चित्र माझ्या मागे फळ्यावर टाचलेलं होतं. मी वाचायला लागले. सुरी झाली, बादली झाली, न ओरडणारा माणूस झाला. मग मी कागद खाली ठेवला.

"आता हा बसलेला माणूस बघा. सर म्हणतात, ही करुणा आहे. जाणकार म्हणतात, चित्रकारानं स्वतःलाच इथं बसवलंय. असेल. पण करुणा असलेल्या माणसाचा हात दुसऱ्याकडे जातो. याचा हात स्वतःच्या तोंडाकडे गेलाय. दुःख आतून वर येतंय म्हणून त्यानं तोंड झाकलं असं तुम्हाला वाटेल. मला वाटतं, आत एक नाव आहे, चार नावं आहेत, ती बाहेर पडू नयेत म्हणून झाकलंय. हा माणूस वाईट नाही. हा कुणाला मारत नाही. याच्या हाताखाली शिकलेली मुलं याला देवमाणूस म्हणत असतील. सुरी छातीला लागली तेव्हा यानं आपला चष्मा काढला, पुसला आणि वरच्या खिशात ठेवला. म्हणजे उद्या कुणी विचारलं तर सांगता येईल, मला दिसलं नाही."

सर बाजूच्या खुर्चीवरून पुढे वाकले. "अगं, चष्मा कुठं आहे चित्रात?"

पोरं हसायला लागली.

"आहे सर. वरच्या खिशात."

हशा आणखी वाढला. त्या हशात एकच माणूस हसत नव्हता. गुरुजींचा उजवा हात उचलला गेला आणि सदऱ्याच्या वरच्या खिशावर जाऊन टेकला. चष्मा तर डोळ्यांवर होता. तरी हात खिशावर गेला. मी त्या हाताकडे बघत राहिले. तेवढ्या क्षणासाठी मी आठ वर्षं जगले होते असं मला वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं.

"पोरी, तू चित्राचं बोलत नव्हतीस."

"नाही, गुरुजी."

"दोन मुली लग्नाच्या होत्या माझ्या. त्याच गावात राहायचं होतं." ते आजूबाजूला बघून बोलत होते. "मी पाहिलं. चौघांनाही पाहिलं. आज तुझ्यापाशी कबूल करतो."

"माझ्यापाशी नको. तात्यांपाशी करा. चावडीवर. दिवसा. लोकांसमोर."

"आता त्याचा काय उपयोग? निकाल लागून वर्षं झाली."

"उपयोग काय ते तात्यांना विचारा."

त्यांनी उपरणं सारखं केलं. "तुझं अक्षर मीच गिरवून घेतलं होतं," म्हणाले.

"हो. म्हणूनच सगळं नीट लिहिता आलं."

मी वळून निघाले. त्या रात्री वसतिगृहात मला छान झोप लागली. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं मी गावी गेले, तात्यांना सांगायला. सगळं सांगितलं. हात खिशावर कसा गेला ते करून दाखवलं. काकी तोंडाला पदर लावून हसली. तात्या हसले नाहीत.

"नाव घेतलंस त्यांचं?"

"नाही. पण त्यांना कळलं."

"त्यांना तर आधीच ठाव होतं. दुसऱ्या कुनाला कळलं?"

दाखवण्यासाठी वर नेलेला हात मी खाली घेतला.

"लोकं हसली म्हनतीस. काय समजून हसली? पोरगी चुकली, चित्रात चष्मा सांगाय लागली म्हनून. व्हय का न्हाई? तू चित्राच्या आडून बोललीस, बाई. त्यांनी तोंडावर हात ठेवला, तू चित्र ठेवलंस."

मला इतका राग आला की मी जेवले नाही. ज्यांच्यासाठी केलं तेच असं म्हणतात. दिवसभर मी मळ्याच्या बांधावर जाऊन बसले आणि मनात त्यांच्याशी भांडले. आणि भांडता भांडता माझ्या लक्षात आलं, की मला गुरुजींचा घाबरलेला चेहरा हवा होता, तो मिळाला, आणि माझं पोट भरलं. तात्यांना जे हवं होतं त्याचा कणही मी आणला नव्हता. वर खाजगीतली कबुली ऐकून आले होते. म्हणजे आता मलाही माहीत होतं आणि मीही ते कुणाला सांगितलं नव्हतं.

घरी येऊन मी वहीचे कागद फाडले, मध्ये कार्बन घातला आणि लिहायला बसले. या खेपेला चित्र नाही, देव नाही. पोळ्याच्या दिवशी चावडीवर काय झालं ते. चौघांची नावं, बापाच्या नावासकट. कट्ट्यावर कोण बसलं होतं ते. कोर्टात ते काय बोलले आणि काल कॉलेजच्या व्हरांड्यात काय बोलले ते. तात्यांचं पूर्ण नाव. खाली माझी सही. तीस प्रती झाल्या.

पुढच्या बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, मी आणि तात्या चावडीपुढे उभे राहिलो. गुरुजींचं घर चावडीला लागूनच. मी वाचायला लागले तसे लोक जमले. चौघांपैकी एक जण बैलगाडीला टेकून उभा होता. त्यानं दात काढले. "काय गं, चुलत्याचं डफडं फुटलं म्हनून आता तू कागद वाजवायलीस व्हय?"

"ऐका की," तात्या म्हणाले. "तुमचं नाव यायलंय आता."

त्याचं नाव मी वाचलं. तो शिवी देऊन पुढे आला, पण बाजाराला आलेली आसपासच्या पाच गावांची माणसं बघत होती, थांबला. मी वाचत राहिले. गुरुजींचं नाव आलं तेव्हा ते दारात आलेले होते. चष्मा डोळ्यांवर होता. मी थांबले. इतकी शांतता झाली की पलीकडच्या गल्लीतली पिठाची गिरणी ऐकू यायला लागली. मी मनात म्हणत होते, बोला. एवढं दोन शब्दांचं वाक्य. बोला, गुरुजी.

ते आत गेले. दार लागलं.

तेव्हा चावडीसमोरच्या किराणा दुकानातून एक म्हातारे गृहस्थ उतरून आले. कपाळावर भस्माचे पट्टे, हात गुळानं चिकट. गावात त्यांना सगळे आप्पा म्हणत. आमच्या वस्तीला ते दुकानाच्या पायरीखाली उभं करूनच सामान द्यायचे, आम्हाला त्यांच्याबद्दल प्रेम नव्हतं.

"म्या बी बघितलं हुतं," आप्पा म्हणाले. "दुकान उघडंच हुतं की त्या दिशी."

कुणीतरी म्हणालं, "आप्पा, तुमी कशाला मधी पडताव?"

"पडत न्हाई. बघितलं ते सांगायलाव. मला कुनी इचारलं न्हाई, अन् म्या बी आपनहून सांगितलं न्हाई."

तात्या त्यांच्याजवळ गेले. "काय बघितलं, आप्पा? नीट सांगा."

आप्पांनी सांगितलं. हात कुणी धरला, शिवळ कुणी मारली, कातडं कुणी फाडलं. एकेकाचं नाव घेऊन.

"अजून एकदा सांगा," तात्या म्हणाले. "त्या दाराकडं तोंड करून."

आप्पा वळले आणि बंद दाराकडे तोंड करून सगळं पुन्हा सांगितलं. या खेपेला मोठ्यानं. बाजार ऐकत होता. दार उघडलं नाही.

आप्पांना गावानं काय केलं ते तुम्ही ओळखाल. दोन महिने वरच्या आळीचं एकही गिऱ्हाईक त्यांच्याकडे गेलं नाही. ते दुकान उघडून बसत राहिले. तात्या रोज सकाळी उगाच जाऊन एक काड्याची पेटी घेऊन यायचे. आमच्या घरात अजूनही काड्यापेट्यांचा ढीग आहे. तात्यांचं समाधान झालं. तेव्हापासून त्यांनी गुरुजींचा विषय काढलेला नाही. वाटेत गुरुजी भेटले तर तात्या मुकाट बाजूनं जातात.

माझं समाधान झालेलं नाही. मी सुट्टीला गावी गेले की त्या कागदाची एक प्रत काढते आणि गुरुजींच्या दाराला खळीनं चिकटवते. सकाळी ती खरवडलेली असते. पुढच्या सुट्टीत मी पुन्हा चिकटवते. काकी म्हणते, म्हातारं मानूस हाय, सोड आता. मी सोडणार नाही. ज्या हातानं अक्षर गिरवून घेतलं तोच हात गवाही द्यायच्या वेळी तोंडावर गेला, म्हणून मी त्यांना चौघांपेक्षा कमी दोषी धरत नाही. जास्त धरते. त्यांनी दार उघडून दोन शब्द बोलावेत, त्या दिवशी मी थांबेन. ते न बोलताच वारले तर शेवटची प्रत मी त्या दारावर तशीच राहू देईन.

इथं मी कुणाचंही नाव लिहिलेलं नाही. ती नावं जिथं वाचायची होती तिथं वाचून झाली आहेत, आणि इथं लिहिली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं, की हे त्या गावातल्या त्या माणसांचं आहे. तुम्हीही कुठल्या तरी कट्ट्यावर बसून काहीतरी पाहिलेलं आहे. नळावर, पंक्तीत, कचेरीत, वर्गात. तुम्हाला आत्ता ते आठवतंय.

एक कागद घ्या. कुठं झालं ते लिहा, कुणी कुणाला काय केलं ते नावानिशी लिहा, मी पाहिलं असं लिहा आणि खाली तुमची सही करा. तो कागद मला पाठवू नका. ज्याच्यावर बेतलं त्याच्या घरी जा, त्याला विचारा, त्याला बरोबर घ्या, आणि जिथं झालं त्याच जागी, दिवसा, माणसं असताना, मोठ्यानं वाचा.